निकालाच्या दिवशी उलटी बसलेली बाही

‘तीन वर्षं स्पर्धांना कथा पाठवते आहे, एकदाही नंबर नाही. लिहिणं सोडू का?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला वरचेवर ऐकू येतो. बेळगावात मराठीतून लिहिणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, त्यात नवल नाही. त्यातली एक हकीकत त्या बाईंच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

त्या आल्या झोप लागत नाही म्हणून. खानापूरकडच्या एका गावातल्या, वय अडतिसाच्या आसपास, घरीच शिवणकाम. लिहिण्याचा विषय दुसऱ्या भेटीत निघाला, तोही ब्लाऊजवरून. एका गिऱ्हाइकाची बाही त्यांनी उलटी जोडली होती. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी विचारलं, त्या दिवशी काय होतं? थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “निकाल होता.”

मग पिशवीतून फाईल निघाली. चौदा स्पर्धांची सहभाग प्रमाणपत्रं, प्लॅस्टिकच्या कव्हरात नीट लावलेली. बहुतेक ठिकाणी शंभर-दोनशे रुपये प्रवेशशुल्क भरलेलं. एका स्पर्धेच्या नियमात ‘महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी’ असं होतं आणि पत्त्यात कर्नाटक आल्यामुळे कथा वाचली तरी गेली का, हे त्यांना कधी कळलं नाही. “म्याडम, तुला लिहायला येत नाही म्हणून एकदा सांगा की कुणीतरी. सोडून देते.”

बाईंना लागलेलं दुखणं दुहेरी होतं. 1956 साली राज्यं भाषेवर वाटली गेली आणि आमचा भाग पलीकडे राहिला. तेव्हापासून ‘आम्हीसुद्धा मराठीच’ हे सिद्ध करत राहायची सवय घराघरांत मुरली आहे. पुण्या-मुंबईच्या स्पर्धेत कथा मागे पडली की त्यांना आपली भाषा, आपलं गाव, सगळंच नापास झाल्यासारखं वाटायचं. एका कथेवर एवढं ओझं टाकलं की निकालाच्या रात्री झोप कुठून लागणार?

पुढच्या वेळी फाईल घरी ठेवा, कच्ची वही आणा, असं सांगितलं. वहीतली एक कथा सासूची होती, हरवलेला विळा शोधणाऱ्या म्हातारीची. तिथे एक ओळ खोडलेली होती: ‘परड्यात हुडकून हुडकून दमली.’ वर निळ्या पेनाने सुधारलं होतं: ‘परसबागेत शोधून ती थकून गेली.’ मी दोन्ही ओळी मोठ्याने वाचायला लावल्या. दुसरी वाचताना आवाज शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखा ताठ झाला. पहिली वाचताना हात आपोआप कमरेवर गेला, सासू ठेवते तसा.

“ही का खोडली?”

“परीक्षकांना अशुद्ध वाटेल म्हणून.”

‘हुडकणं’ हे कन्नडशी नातं सांगणारं क्रियापद इथे आणि कोल्हापुरात रोज तोंडी असतं. परीक्षकाला ते खटकलं असतं की आवडलं असतं, कुणास ठाऊक. पण न भेटलेल्या माणसाची नावड गृहीत धरून त्या तीन वर्षं स्वतःच्या कथा खोडत होत्या, याचं मला फार वाईट वाटलं.

अशा वेळी लोक जी. ए. कुलकर्णींचा दाखला देतात: त्यांनी तर 1973 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार परत केला! मी देत नाही. परत करायला आधी तो हातात यावा लागतो. कौतुक हवंसं वाटणं ही साधी भूक आहे, तिची लाज वाटून घेऊ नये. बाईंना मी स्पर्धा सोडा म्हटलं नाही. दीडशे कथा आल्या आणि बक्षिसं तीन असली, तर एकशे सत्तेचाळीस जण रिकाम्या हाताने परतणार. त्यातले सगळे वाईट लिहितात असं कसं म्हणायचं? हे गणित त्यांनी वहीच्या मागच्या पानावर स्वतः मांडलं.

वर्षाला दोनच स्पर्धा, असं ठरलं. परीक्षकांची नावं आधी जाहीर करणाऱ्या, निवडलेल्या कथा छापणाऱ्या, कथेचे हक्क लेखकाकडेच ठेवणाऱ्या. पैसे भरेल त्याला प्रमाणपत्र देणाऱ्या नकोत. कथा पाठवली त्याच दिवशी दुसरीची पहिली ओळ लिहायची, म्हणजे निकाल येईल तेव्हा मन दुसरीकडे गुंतलेलं असेल. फोन रात्री बाहेर सोप्यात ठेवायचा. आणि पाठवण्याआधी कथा एका माणसाला वाचून दाखवायची. आमच्याकडे कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांत साहित्य संमेलनं भरतात, कथाकथन ऐकायला रानातली कामं उरकून माणसं येतात. ऐकणाऱ्यांची इथे वाण नाही. त्यांनी सासूला निवडलं.

झोप सुधारायला दोन-अडीच महिने लागले. नसती सुधारली तर मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणारच होते.

शेवटच्या भेटीत वही उघडून म्हणाल्या, “सासूबाई म्हणतात, विळा परड्यात नव्हे, गोठ्याच्या वळचणीला हरवलेला. बदलू काय ओ?”

मी म्हटलं, “विळा त्यांचा आहे, त्यांनाच विचारा.”

“विचारलं की. आता म्हणतात, कोयता होता.”

पुन्हा पेन काढून त्या खोडायला लागल्या.