समुद्रातली राखण, कागदावरचे गणित : वाचकांची प्रश्नोत्तरे

समुद्रातले तेल-वायूचे प्लॅटफॉर्म, पाइपलाइनी आणि केबल यांच्या संरक्षणासाठी ऑप्टिमायझेशन (मर्यादित साधनांत सर्वोत्तम निर्णय गणिताने शोधणे) हा पीएच.डी.चा विषय घेतलेल्यांची, आणि घ्यावा की नाही या विचारात असलेल्यांची, बरीच पत्रे आली. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मार्गदर्शकांनी ‘ऑफशोअर संरक्षणासाठी नवा अल्गोरिदम’ असा विषय दिला आहे. सहा महिने मी करड्या लांडग्याच्या अल्गोरिदममध्ये (लांडग्यांच्या शिकारीवरून बेतलेली शोधपद्धत) सुधारणा करतो आहे. योग्य वाटेवर आहे का?

लांडगा सध्या बांधून ठेवा. आधी कोणता निर्णय घ्यायचा आहे ते एका वाक्यात लिहा. ‘संरक्षण’ या एका शब्दाखाली निदान तीन वेगळी गणिते आहेत : रडार-कॅमेरे कुठे बसवायचे, गस्ती बोटी कुठे आणि केव्हा ठेवायच्या, आणि मर्यादित पैशात कोणता भाग मजबूत करायचा. पहिले गणित वर्षानुवर्षांसाठी सुटते, दुसरे रोज बदलते, तिसऱ्यात हल्लेखोर असेलच असे नाही. तिन्ही एका प्रबंधात कोंबली की एकही धड होत नाही.

रडारचे गणित घ्या. समजा 60 संभाव्य जागा आहेत आणि 8 रडार बसवायची आहेत. निवडीचे मार्ग 255 कोटींहून जास्त होतात. हा आकडा पाहून विद्यार्थी घाबरतात आणि थेट लांडगे, देवमासे, मधमाश्या यांच्या नावांच्या अल्गोरिदमांकडे धावतात. पण ‘जास्तीत जास्त क्षेत्र झाकणाऱ्या जागा निवडा’ ही मांडणी चर्च आणि रिव्हेल यांनी 1974 मध्येच केली आहे, म्हणजे ‘सागर सम्राट’ या खोदकाम-प्लॅटफॉर्मने मुंबईजवळच्या समुद्रातल्या मुंबई हायला तेल शोधले त्याच वर्षी. प्रत्येक जागेसाठी 0 किंवा 1 असे चल (नाही किंवा हो) घेऊन पूर्णांक प्रोग्राम लिहा आणि हाय्स (HiGHS) किंवा स्किप (SCIP) यांसारख्या फुकट सॉल्व्हरला, म्हणजे असे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरला, द्या. एवढ्या आकाराचे उदाहरण साध्या लॅपटॉपवर सहसा पटकन सुटते, आणि याहून चांगले उत्तर असू शकत नाही याची खात्रीही मिळते. लांडगा ती खात्री देत नाही.

उदाहरण फार मोठे झाले तर ग्रीडी रीत आहे : दर फेरीला सर्वांत जास्त नवे क्षेत्र झाकणारी जागा उचलायची. अशा गणितात या हावरटपणाचे उत्तर सर्वोत्तमाच्या सुमारे 63 टक्क्यांखाली जात नाही, हे 1978 मध्ये सिद्ध झाले आहे. व्यवहारात ते बरेच वरच असते. तुमच्या नव्या अल्गोरिदमला ही साधी रीतही हरवता आली नाही, तर ते परीक्षकाच्या आधी तुम्हाला कळलेले बरे.

निसर्गावरून नाव घेतलेल्या पद्धती टाकाऊ आहेत असे नाही. उद्दिष्टाचे मूल्य सूत्राने निघत नसेल, प्रत्येक वेळी लाटांचे किंवा तेलगळतीचे सिम्युलेशन चालवावे लागत असेल, तिथे त्या कामाच्या आहेत. खर्च आणि धोका अशी दोन उद्दिष्टे एकत्र तोलायची असतील तर आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब यांच्या गटाने घडवलेला एनएसजीए-2 हा अनेक उद्दिष्टांसाठीचा अल्गोरिदम आजही पहिली तुलना म्हणून चालतो.

प्रश्न : जहाजांच्या हालचालींची माहिती कुठून घ्यावी? मिळाल्यावर ती कशी साफ करावी?

भारतीय किनाऱ्याची तपशीलवार माहिती विद्यार्थ्याच्या हाती सहज लागत नाही, आणि लागली तरी प्रबंधात छापता येईलच असे नाही. पद्धत तपासायला डेन्मार्क आणि अमेरिका यांची खुली एआयएस माहिती (जहाजे आपली ओळख, जागा आणि वेग आपोआप प्रसारित करतात त्या नोंदी) घ्या. पद्धत तिच्यावर सिद्ध करा, मुंबई हायसाठी केवळ नमुना आकडे वापरा आणि ते नमुना आहेत असे पहिल्याच पानावर लिहा.

साफसफाईत ठरलेले सापळे आहेत. अक्षांश 91, रेखांश 181, वेग 102.3 नॉट (ताशी सागरी मैल), हेडिंग (जहाजाच्या नाकाची दिशा) 511 हे आकडे म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’. ते तसेच राहिले तर सरासरी वेग काहीच्या काही येतो. मग लागोपाठच्या दोन नोंदींतले अंतर भागिले वेळ काढा. मालवाहू जहाजासाठी हा वेग 50 नॉटच्या वर गेला तर नोंद चुकीची आहे किंवा दोन जहाजे एकच ओळख क्रमांक वापरत आहेत. चालत्या मोठ्या जहाजाकडून दर 2 ते 10 सेकंदांनी संदेश यायला हवा, नांगरलेल्याकडून दर 3 मिनिटांनी. म्हणून दहा मिनिटांची शांतता भरून काढता येते, पण तीन तासांची शांतता सरळ रेषेने जोडू नका. नेमकी तीच रेषा प्लॅटफॉर्मवरून जाते आणि तुमचे मॉडेल बोंब मारते.

एक खास मुंबईचा सापळा. मुंबई शहर यूटीएमच्या (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये नकाशा मांडण्याच्या पद्धतीच्या) 43 व्या पट्ट्यात येते, मुंबई हाय 42 व्या. सीमा 72 अंश पूर्व रेखांशावर आहे. दोन्हीकडचे बिंदू आपापल्या पट्ट्यात मांडले तर अंतरे शेकडो किलोमीटरने चुकतात. सगळे बिंदू एकाच पट्ट्यात मांडा.

आणि ऋतू विसरू नका. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांच्या नोंदींवर शिकवलेल्या मॉडेलला ऑगस्टमधली प्रत्येक बोट संशयास्पद वाटते. शिवाय प्लॅटफॉर्मच्या पायांभोवती मासे जमतात, त्यांच्यामागे होड्या येतात. लहान लाकडी बोटींवर एआयएस बहुतेक नसतेच. म्हणजे ज्यांच्याबद्दल प्रश्न आहे तेच तुमच्या माहितीत नाहीत.

प्रश्न : एका रडारची लहान बोट हेरण्याची शक्यता 70 टक्के असेल, तर दोन रडारची 91 टक्के धरणे बरोबर का?

दोघांच्या चुका एकमेकांशी निगडित नसतील तरच. 0.3 गुणिले 0.3 म्हणजे 0.09, इथपर्यंत ठीक. पण पावसाळ्यात उसळत्या लाटांचा प्रतिध्वनी दोन्ही रडारना एकाच वेळी आंधळे करतो. म्हणून शांत समुद्र आणि खवळलेला समुद्र अशा निदान दोन परिस्थिती वेगळ्या मांडा आणि प्रत्येकीत शक्यता वेगळी धरा. गुणाकारामुळे गणित सरळ रेषेचे राहत नाही, त्यावर उपाय लॉगॅरिदमचा. चुकण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या आत हवी असेल तर ‘0.3 च्या लॉगची बेरीज 0.05 च्या लॉगपेक्षा कमी’ ही साधी अट होते. उत्तर तीन रडार असे येते. दोनवर 9 टक्के उरतात, तीनवर 2.7.

प्रश्न : रडार दूरवर पाहते, मग गस्ती बोटीचे वेगळे गणित कशाला?

आकडे घालून पाहा. अँटेना 30 मीटर उंच आणि समोरची बोट 2 मीटर उंच असेल तर रडारचे क्षितिज सुमारे 15 सागरी मैल. हे भूमितीचे उत्तर झाले. लाटांच्या गोंधळात लाकडी बोट 5 मैलांवर दिसली असे धरा. ती 25 नॉटने येत असेल तर 500 मीटरच्या सुरक्षा क्षेत्राच्या कडेला पोहोचायला तिला 11 मिनिटे लागतात. त्यातली 4 मिनिटे ओळख पटवणे, वायरलेसवर हाका मारणे, वरिष्ठांना विचारणे यांत जातात. उरलेल्या 7 मिनिटांत 30 नॉटची गस्ती बोट जेमतेम साडेतीन मैल कापते. बोटीची खरी ‘झाकण्याची त्रिज्या’ साडेतीन मैल आहे, रडारची 15 मैल नव्हे. अनेक शोधनिबंधांत हे दोन आकडे एकच धरलेले दिसतात, आणि मग दोन बोटींत सगळे तेलक्षेत्र सुरक्षित होते! त्या 4 मिनिटांच्या जागी 2 किंवा 6 घालून गणित पुन्हा सोडवा. अल्गोरिदम बदलल्याने पडतो त्यापेक्षा मोठा फरक इथे पडेल.

प्रश्न : हल्लेखोर गस्त पाहून वेळ निवडतो. ते गणितात कसे आणायचे?

इथे स्टॅकलबर्ग खेळाची मांडणी लागते : रक्षक आधी धोरण ठरवतो, हल्लेखोर ते पाहून लक्ष्य निवडतो. मिलिंद तांबे यांच्या गटाने अमेरिकन तटरक्षक दलासाठी केलेली ‘प्रोटेक्ट’ ही प्रणाली 2011 मध्ये बोस्टन बंदरात याच तत्त्वावर उतरली.

हातानेच एक उदाहरण करा. प्रक्रिया प्लॅटफॉर्मचे मूल्य 10, विहिरीच्या प्लॅटफॉर्मचे 4, बोट एक; ती जिथे असेल तिथे नुकसान शून्य धरा. बोट कायम मोठ्याजवळ ठेवली तर हल्लेखोर धाकट्यावर जातो, नुकसान 4. आता पहिल्याजवळ असण्याची शक्यता क धरा. दोन्ही लक्ष्ये हल्लेखोराला सारखीच वाटावीत म्हणून 10(1−क) = 4क. क येतो 0.71 आणि अपेक्षित नुकसान 2.86. मूल्य 2 असलेला तिसरा प्लॅटफॉर्म आणला तर त्याच्या वाट्याला गस्तच येत नाही, कारण 2 हे 2.86 पेक्षा कमी आहे. त्याचे मूल्य 3 केले तरी अडीच टक्के वेळही मिळत नाही. पण विहिरीच्या प्लॅटफॉर्मचे 4 चे 8 केले की 71 चे थेट 56 टक्के होतात. मूल्ये ठरवताना वाद कोणत्या आकड्यावर घालायचा ते यावरून समजते.

खरी अडचण पुढे आहे. 71 टक्के हा आकडा कागदावर ठीक, पण बोटीला एका जागेहून दुसरीकडे जायला तासभर लागतो, त्या तासात ती कुठेच नसते. म्हणून चल ‘लक्ष्य’ हा न ठेवता ‘पूर्ण फेरी’ हा ठेवा आणि फेऱ्या गरजेनुसार एकेक करून गणितात आणा. सगळ्या फेऱ्या आधीच लिहून काढल्या तर मेमरी संपते. आणि आज कोणती फेरी करायची याची चिठ्ठी संगणकाने काढायला हवी. माणसाने ‘आज सहज इकडून जाऊ’ म्हणून निवडलेले मार्ग महिन्याभरात ओळखता येतात.

प्रश्न : मी ऑफशोअरवर नोकरी केली आहे. 2005 ची मुंबई हायची आग हल्ल्याने लागली नव्हती. मग तुमचे सगळे विद्यार्थी हल्लेखोरच का शोधतात?

आक्षेप रास्त आहे. 27 जुलै 2005 रोजी जखमी स्वयंपाक्याला उतरवायला आलेले ‘समुद्र सुरक्षा’ हे कामावरचेच जहाज रायझरवर (समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर तेल-वायू आणणाऱ्या उभ्या नळीवर) आदळले, वायू पेटला, 22 जण गेले आणि प्लॅटफॉर्म सुमारे दोन तासांत नष्ट झाला. जहाजाला तिथे यायची परवानगीच होती, त्यामुळे कोणत्याही रडार-मॉडेलने त्याला संशयित ठरवले नसते. इथे खेळ-सिद्धांत निरुपयोगी. हवे ते तिसरे गणित : कोणता रायझर जॅकेटच्या (प्लॅटफॉर्मच्या पायांच्या पोलादी सांगाड्याच्या) आत घ्यायचा, कुठे धक्के झेलणारे कुंपण लावायचे, कोणत्या लाटेच्या उंचीवर जवळ येणे बंद करायचे. बाल्टिक समुद्रातही फिनलंड–एस्टोनिया वायुवाहिनी बाल्टिककनेक्टर ऑक्टोबर 2023 मध्ये ओढल्या गेलेल्या नांगरानेच फुटली. नांगराला स्टॅकलबर्ग माहीत नसतो.

पाइपलाइनसाठी एक सूचना. त्या वाहिनीचा समुद्राखालचा भाग 77 किलोमीटर आहे. एकेका किलोमीटरचे 77 तुकडे करून त्यांतले बजेटमध्ये बसतील ते मजबुतीसाठी निवडा, असे गणित बहुतेक जण मांडतात. उत्तर येते तुकडा 4, 19, 52. प्रत्यक्षात वाहिनी झाकायला तिच्यावर दगड टाकणारे जहाज तिथे नेण्याचाच खर्च मोठा असतो, म्हणून सलग तुकडे स्वस्त पडतात. ‘नव्या ठिकाणी काम सुरू केले की एकदा ठरावीक खर्च’ ही अट घाला, मग उत्तर कंत्राटदाराला दाखवण्याजोगे होते.

प्रश्न : तोंडी परीक्षेत सर्वाधिक कशावर अडवतात?

तुलनेवर. यादृच्छिक पद्धत एकदाच चालवून सर्वोत्तम आकडा छापू नका. वेगवेगळ्या बीजांनी (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात त्या संख्यांनी) निदान 30 वेळा चालवा, मध्यक आणि पसारा द्या, फरक केवळ योगायोगाचा आहे का हे पाहणारी विल्कॉक्सन चाचणी लावा. प्रतिस्पर्धी पद्धतींना तेवढाच संगणक-वेळ द्या, आणि त्यांचेही पॅरामीटर तुमच्या पद्धतीइतक्याच कष्टाने जुळवा. लहान उदाहरणांवर अचूक सॉल्व्हरचे उत्तर शेजारच्या स्तंभात असू द्या. मोठ्यांवर सॉल्व्हर एक तास चालवून त्याची खालची-वरची मर्यादा आणि त्यांतली तफावत टक्क्यांत लिहा. तफावत 12 टक्के उरली असेल तर 12 च लिहा.