डॉक्टर होता आले नाही, म्हणून डेंटल हायजिनिस्ट?

नीटमध्ये गुण कमी पडले आणि खासगी महाविद्यालयातील बीडीएसचे, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीचे, शुल्क झेपणारे नसले, की डेंटल हायजिनिस्टचा, म्हणजे दातांची स्वच्छता करणाऱ्या सहायकाचा, दोन वर्षांचा डिप्लोमा करावा का, असे विचारत दरवर्षी काही पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात. त्यांतील सोलापूरकडच्या एका मुलीचा अनुभव, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, येथे मांडते.

मुलगी गप्प होती. बोलत होते ते वडील. “मॅडम, डॉक्टर झाली नाही म्हणून आता लोकांचे दात घासत बसायचे का? आणि पुढे स्वतःचा दवाखाना तरी टाकता येईल का?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच दिले: येणार नाही. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने हायजिनिस्टची जी व्याख्या केली, तिच्यात दातांवरील कीटण काढणे, दात स्वच्छ करून त्यांना पॉलिश करणे आणि मुखस्वच्छतेचे शिक्षण देणे एवढेच येते. रोगनिदान, दात काढणे, रूट कॅनॉल ही कामे दंतवैद्याची. हा डिप्लोमा केल्यावर बीडीएसला नीटशिवाय प्रवेश मिळतो, असे कोणी सांगत असेल तर तेही खरे नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मुलीनेच शोधायला हवे होते. म्हणून परवानगी काढून तिला काही दिवस एका दंत रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसवले. परतल्यावर ती प्रथमच भरभरून बोलली, आणि तेही एका रुग्णाविषयी. वर्षानुवर्षे मिश्री लावणाऱ्या एक आजी ‘यंत्राने दात हलतात’ म्हणून तोंड उघडायला तयार नव्हत्या. तेथील हायजिनिस्टने त्यांच्या हाती आरसा देऊन हिरड्या कशा मागे सरकल्या आहेत, हाडाचा आधार आधीच कमी झाला असून कीटण निघाल्यावर तो सैलपणा केवळ जाणवू लागतो, हे शांतपणे समजावले. मुलीने हे सारे मला जवळजवळ शब्दशः सांगितले. कल चाचणीच्या गुणांपेक्षा मला हे अधिक बोलके वाटले, कारण या कामात हाताच्या कौशल्याइतकीच समजावण्याची चिकाटीही लागते.

राहिली नोकरी, आणि वडिलांची खरी काळजी तीच होती. लहान गावांत बहुतेक दंतवैद्य स्केलिंग, म्हणजे कीटण काढण्याचे काम, स्वतःच करतात, त्यामुळे संधी मुख्यतः मोठी रुग्णालये, दंत महाविद्यालये आणि शहरांतील मोठे दवाखाने येथेच असतात, हे मी लपवले नाही. परदेशाचे आमिष दाखवणाऱ्यांपासूनही सावध केले: अमेरिकेत हे काम करण्यासाठी तेथील मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि परवाना परीक्षा आवश्यक असते, केवळ येथील डिप्लोमा पुरत नाही. शुल्क भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता तपासण्याचा आग्रह मी धरला, कारण मान्यता नसेल तर राज्य दंत परिषदेत नोंदणी होत नाही, आणि मिळत्याजुळत्या नावांची काही महिन्यांची प्रमाणपत्रे बाजारात पुष्कळ आहेत.

मुलीने प्रवेश घेतला आणि ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. वडील नातेवाइकांना अजूनही ‘डेंटलला आहे’ एवढेच सांगतात. पुढचे ती स्वतः सांगते.