विहारातल्या मूर्तीला चीर गेली, आता काय करायचं?

प्रश्न : जय भीम सर. आमच्या गावात वर्गणी काढून विहारासाठी सागवानी बुद्धमूर्ती आणली, ध्यानात बसलेली, अडीच फूट उंच. बुद्धपौर्णिमेला बसवली तेव्हा एकदम चकाचक होती, पण पुढचा उन्हाळा येईस्तोवर गळ्याखालून छातीपर्यंत उभी चीर गेली, आता त्यात नख जातंय. काही जण म्हणतात मूर्ती खंडित झाली, बदला. पोरं म्हणतात एम-सील भरून वरनं पॉलिश मारू. काय करावं?
*– एक वाचक, कराड तालुका*

उत्तर : जय भीम. आधी त्या पोरांच्या हातातलं एम-सील काढून घ्या, मग बाकीचं बोलू.

लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही, सगळी भानगड तिथंच आहे. ओंडका आडवा कापला की गोल वलयं दिसतात ना, त्या वलयांच्या कडेकडेनं लाकूड जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडं आकसतं, मग ही ओढाताण कुठंतरी मोकळी व्हायला लागते आणि ती चिरेवाटे होते. अख्ख्या ओंडक्यातून मूर्ती काढली आणि गाभा आतच राहिला तर चीर येणार म्हणजे येणार, सागवान असू द्या नाहीतर शिसम. दोघातिघांनी धरून मूर्ती जरा आडवी करा आणि तळ बघा, वलयांचा मध्य तळाच्या मधोमध दिसला तर कारण सापडलं. त्यात लाकूड पुरतं वाळायच्या आधीच कोरायला घेतलं असेल, ऑर्डर पौर्णिमेच्या तारखेची आणि लाकूड फेब्रुवारीत आलेलं, हे आपल्याकडं सर्रास चालतं.

जपानमधल्या कारागिरांनी यावर हजार वर्षांपूर्वीच तोड काढली. मूर्ती कोरून झाली की पाठीकडून आतलं लाकूड पोखरून काढायचे आणि पाठीला फळी बसवून बंद करायचे. आत पोकळ झाली की ओढाताण कमी, चीर कमी, वजन पण कमी. आणि खरी गंमत पुढं आहे, ही पोकळी निव्वळ सुतारकामाची सोय म्हणून राहिली नाही. त्यात सूत्रांच्या वह्या, अस्थी, दात्यांच्या नावांच्या याद्या ठेवायला लागले. क्योतोच्या सेइर्योजी मंदिरात शाक्यमुनींची उभी मूर्ती आहे, ९८५ साली चीनमध्ये कोरून घेऊन चोनेन नावाच्या जपानी भिक्खूनं ती आपल्या देशात नेली. १९५०च्या दशकात तिची पाठ उघडली तर आत नाणी, कागदपत्रं आणि चक्क रेशमी कापडाची शिवलेली आतडी, काळीज असे अवयव निघाले. म्हणजे ज्यांनी केली त्यांच्या दृष्टीनं ते जिवंत शरीर होतं, नुसतं कोरलेलं लाकूड नव्हतं. पुढं १२व्या शतकात तिथंच डोक्याच्या पोकळीतून डोळ्यांच्या जागी स्फटिकाची पातळ चकती बसवायला लागले, मागच्या बाजूनं बुबुळ रंगवायचं आणि बांबूच्या बारीक खिळ्यांनी आतून पक्कं करायचं. दिव्याच्या उजेडात तो डोळा ओला वाटतो. भरीव डोक्यात हे जमलंच नसतं.

आता तुमच्या मूर्तीचं. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं बारीक खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. पावसाळ्यात चीर बरीचशी मिटेल, घाबरू नका आणि "बरी झाली" म्हणून नाचू पण नका, उन्हाळ्यात परत उघडेल. वर्षभर टोकं खुणेच्या पुढं गेली नाहीत तर मूर्ती स्थिरावली समजा. मग चांगल्या सुताराकडून त्याच सागाची पातळ फाचर बसवून घ्या, रेषा मूर्तीच्या रेषांशी जुळवून, आणि फेव्हिकॉल फाचरीच्या एकाच बाजूला लावायला सांगा, दुसरी बाजू मोकळी राहू द्या म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते. मे महिन्यात चीर सगळ्यात रुंद असते, तेव्हा कडक काहीतरी ठासून भरलं तर पावसात लाकूड फुगल्यावर त्याला जायला जागा नसते आणि चीर दुसरीकडं फुटते. एम-सीलला नाही म्हणतोय ते यासाठी.

अजून एक, मूर्ती कुठं ठेवलीय? खिडकीतलं दुपारचं ऊन, डोक्यावर पिवळा फोकस आणि पुढ्यात मेणबत्त्यांची रांग, हे तिन्ही असेल तर कुठलाही सुतार काही करू शकणार नाही. मेणबत्त्या हातभर लांब घ्या, फोकस काढून साधा एलईडी लावा.

खंडितचं म्हणाल तर बदलायचं काही कारण मला तरी दिसत नाही. क्योतोच्याच कोर्यूजी मंदिरात ७व्या शतकातली पाइनच्या लाकडाची मैत्रेयाची, म्हणजे पुढं होणाऱ्या बुद्धाची मूर्ती आहे, बोटं गालाजवळ नेऊन विचारात बसलेली, जगभर नावाजलेली. १९६० साली एका विद्यार्थ्याचा हात लागून तिचं बोट तुटलं. तुकडे गोळा केले, जोडले, मूर्ती जागच्या जागी आहे. आणि तुम्ही वर्गणी काढली म्हणालात म्हणून आठवलं, मध्य प्रदेशात भरहुतच्या स्तूपावरच्या दानलेखांत करहकट, म्हणजे तुमच्या कराडच्या लोकांचं नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तिथवर दान पाठवणारी तुमची माणसं, एका चिरेला काय भीता!

प्रश्न : दादा, मी फर्निचरच्या कारखान्यात नक्षीकाम करते. घरच्यासाठी दोन फुटी उभी मूर्ती करायची ठरवलंय, अभय मुद्रेतली, शिवणीचं वाळलेलं लाकूड आहे माझ्याकडं. आमचे मिस्त्री म्हणतात हात वेगळा करून जोड, अखंड केलास तर मोडेल. पण जोडलेली मूर्ती पूजेला चालत नाही असं सासूबाई म्हणतात. दोघांपैकी कुणाचं ऐकू?
*– एक वाचक, मिरज*

उत्तर : मिस्त्रींचं ऐका ताई, आणि सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा.

उभ्या मूर्तीत लाकडाच्या रेषा डोक्यापासून पायाकडं जातात. अभय मुद्रेत उजवा तळवा समोर आणि बोटं वर, म्हणजे बोटं रेषेतच येतात, ती तशी भक्कम असतात. दगा देतो तो कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग, तो पुढं आलेला असतो आणि तिथं रेषा आडव्या तुटतात, गोल पटाशीचा एक ठोका जरा जोरात बसला की खाडकन हात खाली. शिवाय पुढं आलेल्या त्या चार इंचांसाठी केवढा जाड ओंडका घ्यावा लागेल आणि त्यातलं किती लाकूड भुशात जाईल ते बघा. म्हणून कोपरापुढचा हात वेगळ्या तुकड्यातून करा, रेषा हाताच्या लांबीनं धरा, आणि खाच-खुंटी करून चीवराच्या घडीखाली सांधा लपवा. घडी कुठं पाडायची ते आधी सांध्याची जागा ठरवून मग ठरवा, उलटं केलंत तर सांधा उघडा पडतो.

ध्यान मुद्रेत हात मांडीवर टेकलेले, भूमिस्पर्शात उजवा हात गुडघ्यावरून खाली जमिनीकडं पण मागं पायाचा आधार, त्यामुळं हात अंगाबरोबर कोरता येतात. पण बसलेल्या मूर्तीत मांडी घातलेले पाय पुढं आणि बाजूला पसरतात, म्हणून जपानमध्ये एकाच ओंडक्यातून धड काढणारे कारागीरसुद्धा मांडीचा भाग वेगळ्या आडव्या लाकडातून करून जोडायचे. मुद्रेचा अर्थ ग्रंथात आहे हे खरं, पण कुठली मुद्रा किती तुकड्यांत करायची ते लाकडाच्या रेषाच ठरवतात.

जोडमूर्ती हलकी समजायची म्हटलं तर जपानमधल्या कितीतरी थोर मूर्ती बाद होतील. जोचो नावाच्या मूर्तिकारानं १०५३ साली ब्योदोइन मंदिरात अमिताभ बुद्धाची मूर्ती बसवली, जवळजवळ नऊ फुटी, ती लाकडाचे तुकडे जोडूनच केलेली आहे. या पद्धतीत धड एकाकडं, मांडी दुसऱ्याकडं, हात तिसऱ्याकडं असं काम वाटता येतं. १२०३ साली उन्केई, काइकेई आणि त्यांच्या लोकांनी तोदाइजीच्या दरवाजातले दोन द्वाररक्षक केले, प्रत्येकी सुमारे साडेआठ मीटर उंच, एकेकात तीन हजारांच्या आसपास तुकडे, आणि काम झालं सत्तरेक दिवसांत. तुम्ही तर मिरजेच्या, तुमच्या गल्लीतल्या तंबोऱ्याचा भोपळा वेगळा, तबली वेगळी, दांडी वेगळी, तरी सूर एकच लागतो की!

बाकी चेहऱ्याकडं गाभा येऊ देऊ नका. तो आधीच कापून टाकता आला तर उत्तम, नाहीतर पाठीकडं ठेवा. आणि नाक-ओठ सगळ्यात शेवटी, सकाळच्या तिरप्या उजेडात करा. ट्यूबलाइटच्या सरळ उजेडात खोली कळत नाही आणि ओठ जाड राहतात.

प्रश्न : मी नववीत आहे. बुद्धांचे कान एवढे लांब का असतात, डोक्यावर उंचवटा आणि कपाळावर टिकली का असते? आणि आम्ही लेणी बघायला गेलो तिथं स्तूप होता पण बुद्धांची मूर्तीच नव्हती, असं का?
*– एक विद्यार्थिनी, वाई*

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, तो भारी आहे. सुरुवातीच्या काळात बुद्ध माणसाच्या रूपात दाखवतच नव्हते. सांची, भरहुतला बघ, रिकामं आसन, बोधिवृक्ष, पावलं, धम्मचक्र, एवढ्यावरच सगळी गोष्ट सांगितलीय. मथुरा आणि गांधारात साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून मूर्ती घडायला लागल्या. आपल्याकडची बरीचशी जुनी लेणी त्या आधीच्या वळणाची, म्हणून आत स्तूप.

आता कान. महापुरुषाची ३२ लक्षणं सांगितलीत, डोक्यावरचा उंचवटा म्हणजे उष्णीष आणि भुवयांच्या मधे ऊर्णा ही दोन त्यातली. ऊर्णा म्हणजे टिकली नव्हे, पांढऱ्या केसांचं वळलेलं वेटोळं. केसांची वेटोळी पण उजवीकडं वळलेली असतात, खरा कारागीर इथं चुकत नाही, घाईचं काम असलं की निम्मी डावीकडं गेलेली सापडतात, पुढच्या वेळी मोजून बघ. लांब कानांचा अर्थ असा लावतात की राजपुत्र असताना जड कुंडलं घालून पाळ्या ओघळल्या, कुंडलं टाकली, पाळ्या तशाच राहिल्या. दागिना न दाखवता त्याग दाखवलाय, मला तर हे सगळ्यात आवडतं. डोळे अर्धे मिटलेले म्हणजे ध्यान, आपल्याकडं बऱ्याच विहारांत मात्र उघड्या डोळ्यांची मूर्ती पसंत करतात.

प्रश्न : ऑनलाइन "वुडन बुद्धा" मागवला, स्वस्तात मिळाला. खरंच लाकूड आहे का ते कसं ओळखू?
*– एक वाचक, तासगाव*

उत्तर : उलटा करा. तळाला कापलेल्या लाकडाची वलयं किंवा बारीक छिद्रं दिसली पाहिजेत आणि त्याच रेषा वर बाजूनं चढत गेलेल्या दिसल्या पाहिजेत. तळाला मखमली कापड चिकटवलेलं असेल तर एक कोपरा उचकटून बघा, तिथंच पाणी मुरतं. दोन्ही कानांच्या मागून सरळ खाली बारीक शिवण गेली असेल तर साच्यात ओतलेला रेझिनचा माल आहे, वरच्या लाकडाच्या रेषा रंगवलेल्या.

लाकूड निघालं तरी ते हातचं असेल असं नाही, आता कॉम्प्युटरवर चालणारं, कोरीव काम करणारं सीएनसी मशीन आहे. त्यात दोन्ही गाल तंतोतंत सारखे, आणि चीवराच्या खोल घड्यांत घासायचा पॉलिश पेपर पोचत नाही तिथं एकसारख्या बारीक पायऱ्या दिसतात. मशीनचं वाईटच असं मी म्हणत नाही, फक्त पैसे हातकामाचे देऊ नका. आंब्याचं लाकूड असेल तर खाली पांढरा कागद अंथरून आठवडाभर ठेवा, पिठासारखा भुसा पडला की आत किडा आहे.

प्रश्न : दुकानाच्या काउंटरवर लाफिंग बुद्धा ठेवतात, ते पण गौतम बुद्धच ना?
*– एक वाचक, सातारा*

उत्तर : नाही. तो बुदाई, १०व्या शतकातला एक चिनी भिक्खू, पोट आणि झोळी त्याचीच. त्याला मैत्रेयाचा अवतार मानतात, गौतम बुद्धांशी त्याचा एवढाच संबंध.

प्रश्न : पहिली बुद्धमूर्ती चंदनाची होती म्हणतात, खरं का? मग आपल्या देशात जुन्या लाकडी मूर्ती का दिसत नाहीत? आईसाठी चंदनाची छोटी मूर्ती घ्यायची इच्छा आहे.
*– एक वाचक, विटा*

उत्तर : कथा आहे. बुद्ध आईला धम्म सांगायला तावतिंस स्वर्गात गेले, इकडं कौशांबीच्या उदयन राजाला विरह सोसवेना म्हणून त्यानं चंदनाची मूर्ती करून घेतली. ह्युएन त्संगनं ती उदयनाच्या नावावर सांगितलीय, त्याच्या आधी आलेल्या फाहियाननं श्रावस्तीच्या प्रसेनजिताच्या. इतिहास म्हणून धरता येत नाही, पण चीन-जपानमध्ये चंदनाला मान मिळाला त्यात या कथेचा मोठा वाटा. तिथं चंदनाच्या मूर्ती लहान करत आणि वास जाऊ नये म्हणून त्यावर रंग देत नसत. जपानमध्ये तर चंदन उगवतच नाही, मग त्यांनी सुरुवातीला कापराच्या झाडाचं लाकूड वापरलं, होर्यूजी मंदिरातल्या ७व्या शतकातल्या लाकडी मूर्ती त्याच्या आहेत. वास पण येतो आणि कीड पण लांब राहते!

आपल्याकडं वाळवी, पाऊस आणि ऊन तिघांनी मिळून लाकूड खाल्लं. तरी कार्ल्याच्या मोठ्या चैत्यगृहात जा, छताच्या लाकडी कमानी आणि स्तूपावरची लाकडी छत्री जवळपास दोन हजार वर्षं टिकून आहे. डोक्यावर कातळ, थेट पाऊस नाही, ऊन नाही, मातीला लाकूड टेकलेलं नाही, तर असं टिकतं.

आईसाठी घ्या की, पण सरकारी एम्पोरियममधून पक्क्या बिलावर घ्या. रस्त्यावर मिळतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच लाकडाला अत्तर चोपडलेलं असतं. ओळख अशी की वरचा वास महिन्यात उडतो, खऱ्या चंदनाच्या तळाला नखानं जरासं खरवडलं की वर्षांनंतरही येतो. आणि वॉर्निश मारलेली घेऊ नका, मग चंदनाचे पैसे देऊन उपयोग काय.