कित्येक वर्षं बंद असलेली जुनी स्पोर्ट्स कार घरच्या घरी, स्वतःच्या हाताने नीट करता येते का?

करता येते. मी केली आहे, आणि नेमकी तुम्ही विचारलेलीच गाडी, माझदा एमएक्स-5. म्हणून प्रश्न वाचून राहवलं नाही.

तुम्ही लिहिलंय की 1990 सालची माझदा एमएक्स-5 मिळते आहे, कित्येक वर्षं शेडमध्ये उभी आहे आणि मालक म्हणतो, "बॅटरी टाका, लगेच सुरू होईल." घ्यावी का, सगळी खोलून करावी की थोडी थोडी, आणि वेळ किती लागेल, असं तुमचं विचारणं आहे. मधल्या प्रश्नावरून आमच्या घरात माझं आणि दादाचं इतकं वाजलंय की बाकीचे दोन मी घाईत उरकणार, हे आधीच सांगते.

आधी मालकाचं ते वाक्य. बॅटरी टाकून त्याला सेल्फ अजिबात मारू देऊ नका. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडर कोरडे पडलेले असतात, रिंगा चिकटलेल्या असू शकतात आणि पेट्रोलचा टाकीतच चिकटा झालेला असतो. तो चिकटा पंपाने इंजेक्टरपर्यंत ढकलायचा आणि मग इंजेक्टर साफ करत बसायचं, हे कशासाठी? टाकी रिकामी करा, फिल्टर बदला. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवा, ते चालताना ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने. मोकळं फिरलं तर ऑइल बदला. मग प्लग बाहेरच ठेवून, कॉइल आणि पेट्रोल पंप बंद करून सेल्फ मारा आणि ऑइल प्रेशरच्या काट्याकडे बघा. या सुरुवातीच्या गाड्यांमधला काटा खरा दाब दाखवतो. 1995 पासून तो नुसत्या स्विचवर चालायला लागला, त्यामुळे नंतरच्या गाडीत त्याच्यावर विसंबता येत नाही. काटा वर आला की मग प्लग आणि ताजं पेट्रोल.

टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह एका तालात फिरवणारा पट्टा, बदलायचाच, त्यात विचारण्यासारखं काही नाही. या 1.6 लिटर इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला भिडत नाहीत, ही मोठी सोय आहे. पोर्शे 944 तुमच्या डोक्यात असेल तर तिथे ही मुभा नाही. बेल्ट गेला की व्हॉल्व्ह वाकलेच म्हणून समजा. मात्र 1990च्या एमएक्स-5 मध्ये क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे. पूर्वी कुणी बेल्ट बदलताना पुलीचा बोल्ट नीट आवळला नसेल तर क्रँकवर पुली अडकवणाऱ्या लोखंडी चावीची खाच झिजते आणि पुली डुलायला लागते. इंजिन फिरताना समोर उभं राहून पुलीची कड बघा. ती हलताना दिसली तर किंमत तिथेच पाडून मागा किंवा परत फिरा.

आता मधला प्रश्न. दादाचं मत ठाम आहे: "करायची तर बोल्ट न् बोल्ट खोलून करायची, नाहीतर हातच लावू नये." त्याने तसंच केलं. त्याच्या गाडीचं धूड एका कोपऱ्यात आहे, इंजिन लाकडी पॅलेटवर आहे आणि बाकी सगळं खोक्यांत. पिशव्यांवर लिहिलेली शाई उडून गेली आहे. दादा माझ्यापेक्षा हुशार आहे आणि त्याचा हातही माझ्यापेक्षा साफ आहे, तरीही ती गाडी आजपर्यंत स्वतःच्या चाकांवर उभी राहिलेली नाही. "अर्धवट राहिलेला प्रोजेक्ट" म्हणून विकायला निघालेल्या गाड्या बघा, बहुतेक अशाच खोक्यांत भरलेल्या असतात. माझा नियम उलटा आहे: एका वेळी एकच गोष्ट खोलायची आणि ती पूर्ण होऊन गाडी चाकांवर टेकल्याशिवाय दुसऱ्या बोल्टला पाना लावायचा नाही.

हा नियम गंजाच्या कामात चालत नाही, असं दादा म्हणतो. म्हणून माझ्या गाडीच्या सिलचं, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ तुळईचं, सविस्तर सांगते.

गाडी आणली तेव्हा दाराखाली, मागच्या चाकाच्या जरा पुढे, रंगाला बारीक फोड आलेले होते. बाकी रंग चांगला होता. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत मागे गेले, तर पुढे टणटण वाजणारा पत्रा तिथे येऊन भद्द वाजला. या गाडीच्या कापडी टपावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या ड्रेनमधून (पाणी जायच्या नळीतून) खाली उतरतं आणि मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडतं. पालापाचोळा आणि माती साचून ड्रेन तुंबला की पाणी तिथेच मुरतं आणि सिल आतून खायला लागतं. बाहेर फोड दिसतो तोवर आतलं बरंच गेलेलं असतं. मी गवत कापायच्या मशीनची नायलॉनची तार वरून हलक्या हाताने सरकवली. बराच वेळ काहीच नाही, मग खालून काळा गाळ पडला आणि त्यामागोमाग पाण्याची धार लागली. जोर लावायचा नाही, नळी जागेवरून निसटली तर पाणी थेट आत येतं.

धार बघून दादा म्हणाला, "झालं. आता इंजिन उतरव, दारं काढ, सगळी मोकळी कर." मी ऐकलं नाही. उघडी गाडी आहे, डोक्यावर छप्पर नाही. मधला सगळा भार सिल पेलतात. सिल कापल्यावर गाडी जरा जरी खचली आणि तशीच वेल्ड झाली तर ती कायमची वाकडी, आणि ते सांगणारं सगळ्यात सोपं माप म्हणजे दार. म्हणून कापायच्या आधी दाराभोवतीच्या फटी वरपासून खालपर्यंत मोजल्या आणि मास्किंग टेपवर तिथल्या तिथे आकडे लिहून ठेवले. दाराच्या जागेत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी आडवा टेकू बसवला. एका वेळी एकच बाजू. बाहेरचा पत्रा पातळ डिस्कने कापला, तर आतल्या मधल्या पत्र्याच्या मागच्या टोकाचे हातात पापुद्रे आले. चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे मागे कापत गेले. नवा तुकडा आधी पुठ्ठ्यावर कापून बघितला, मग पत्र्यावर. वेल्डिंग सलग ओढायचं नाही. एक टाका इथे, पुढचा लांब तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा तापून लाटा येतात. शेवटी प्रायमर, सांध्यांना सीलर, आणि भोकांतून नळी घालून आत सगळीकडे मेणाचा फवारा.

टेकू काढून दार लावलं तर टेपवरचे आकडे जुळले. दादाने स्वतःच्या मापपट्टीने पुन्हा मोजलं, तेही जुळलं. मग म्हणाला, "आत काय केलंस ते दिसत नाही ना." मी नळीचा कॅमेरा आत घालून त्याला सगळा सांधा दाखवला. त्यावर तो काही बोलला नाही, पण आजही जेवायला बसलो की "खोलून केलं असतंस तर" हे वाक्य येतंच.

दुसऱ्या बाजूआधी मी ब्रेक घेतले. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे उभ्या गाडीत कॅलिपरचे (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन आतून गंजून जाम होतात. मागचे कॅलिपर करताना लोक एक गोष्ट हमखास मोडतात: पिस्टन शिकंज्याने दाबून आत ढकलायला जातात. त्यात हँडब्रेकची यंत्रणा आहे, तो दाबायचा नसतो. कॅलिपरच्या मागे 14 चा बोल्ट आहे, तो काढला की आत 4 मिलिमीटरची अ‍ॅलन की बसते. ती फिरवली की पिस्टन निमूट मागे सरकतो. रबरी होजेस सगळ्या नव्याच घाला. टायरवर नक्षी कितीही दिसू दे, बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. 2309 म्हणजे 2009 सालचा 23वा आठवडा. असले टायर फक्त गाडी ढकलण्यापुरते.

घ्यावी का? सिल गेले असतील तरी घ्या. पुढचे चेसिसचे दांडे गेले असतील तर घेऊ नका. सुट्या भागांची काळजी या गाडीत कमी आहे. एप्रिल 2016 मध्ये 10 लाखावी एमएक्स-5 बनली आणि 2017 मध्ये माझदाने स्वतःच जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून द्यायची योजना जाहीर केली. तिच्यासाठी कापडी टपासारखे भाग पुन्हा बनवले गेले.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. गंजलेल्या सिलच्या कडेला जॅक लावू नका, पुढच्या क्रॉसमेंबरला (खालच्या जाड आडव्या दांड्याला) आणि मागे डिफरेन्शियलला (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याला) लावा, आणि नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली जाऊच नका. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, कार्पेट आणि सीट बाहेर काढा; पेट्रोलची टाकी सीटच्या मागेच आहे, त्यामुळे अग्निशामक हाताशी हवा. वेल्डिंग भंगार पत्र्यावर शिका, गाडीवर नाही. ब्रेक झाल्यावर जाणकाराकडून एकदा तपासून घ्या. आणि गाडीला मोठा अपघात झालेला असेल, सांगाडाच पिळलेला असेल, तर दादाचं बरोबर आहे, तिथे सगळी खोलावीच लागते. रंग सगळ्यात शेवटी. वेळेचं मी काही सांगत नाही, आतला पत्रा दिसल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

दादा, तू हे वाचणारच आहेस. पुढचा आणि मागचा सबफ्रेम (चाकांचे भाग ज्यावर बसतात ती चौकट) बसव, चाकं लाव, गाडी ढकलून बाहेर आण. इंजिनचं खोकं त्यानंतर उघडू. रविवारी मी पाने घेऊन येते.