गोळीऐवजी भजनी मंडळ सांगितलं तर पेशंटला टाळल्यासारखं होतं का?

हा प्रश्न मला नर्सताई विचारतात, आशाताई विचारतात, परवा चोपडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रातल्या सीएचओने, म्हणजे उपकेंद्र सांभाळणाऱ्या आरोग्य अधिकारी नर्सने विचारला तेव्हा तर ती फोनवर रडतच होती. (ओळख लागू नये म्हणून थोडं बदलून लिहितेय.)

झालं असं की एक आजी दर आठवड्याला यायच्या, गुडघे दुखतात, छातीत धडधडतं, रिपोर्ट सगळे नॉर्मल. मुलगा-सून सुरतला, घरात एकट्या. ह्या सीएचओने ट्रेनिंगमध्ये सोशल प्रिस्क्रायबिंग ऐकलेलं, म्हणजे औषधासोबत माणसांशी जोडून द्यायचं, म्हणून चिठ्ठीवर लिहिलं, 'मंगळवार, भजनी मंडळ'. आजी भडकल्या, "बाई, मी काय याडी शे का?" आणि परत आल्याच नाहीत.

मी विचारलं, सांगितलं कसं होतंस? म्हणे बाहेर लाइन होती, दोन मिनिटात सांगितलं, बीपी पण नाही घेतलं त्या दिवशी. मग आजीला काय वाटणार, हात न लावताच वाटेला लावलं!

इंग्लंडमध्ये ह्या कामाला वेगळा माणूस असतो, लिंक वर्कर, डॉक्टर पेशंट त्याच्याकडे पाठवतो आणि तो निवांत बसून ऐकतो, गरज पडली तर पहिल्यांदा सोबतही जातो. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने 2019 मध्ये असे हजारावर लोक नेमायचं ठरवलं. मी तिला म्हटलं, आपल्याकडे तो माणूसच नाही गं, ते ओझं तुझ्यावर आणि आशाताईवर येतं, म्हणून तू थकलीस, तू वाईट नर्स आहेस म्हणून नाही. हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती.

मग ती आजींच्या घरी गेली, आधी बीपी घेतलं, गुडघे पाहिले, गोळ्या चालूच राहतील हे स्पष्ट सांगितलं आणि मग विचारलं, पूर्वी कशात मन रमायचं? आजी म्हणाल्या बिबड्यांत, म्हणजे ज्वारीच्या पापडांत. उन्हाळाच होता. आशाताई स्वतः हात धरून शेजारच्या अंगणात घेऊन गेली, तिथे पोरींनी घाटा (शिजवलेलं पीठ) पातळ करून ठेवलेला, आजींनी चाटू हातात घेतला आणि घट्ट कसा करायचा ते दाखवलं, ओल्या धोतरावर बिबडी थापताना म्हणे एकदाही गुडघा आठवला नाही.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, झोप उडालीय, जेवण तुटलंय, जगणं नको असं कुणी बोललं तर भजन-बिबड्या नाही, लगेच डॉक्टर, किंवा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आजी आता पुन्हा येतात, पंधरा दिवसांनी. सीएचओने रजिस्टरच्या मागच्या पानावर आशाताईचा निरोप लिहायला सुरुवात केलीय, कोण गेलं, कोण नाही गेलं, कारण पाठवलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे न कळणंच तिला सगळ्यात जास्त खात होतं. आशाताईने मात्र तिला सरळ विचारलंय, ह्या फेऱ्यांचे पैसे कोणत्या हेडखाली? तो विषय सीएचओ आता महिन्याच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे.