लेकीचे फोटो तिच्या उंचीला लाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

लेक चारचौघांत बोलत नाही, तुझ्यामागे लपते, असं लिहिलंस. तिला कुठल्या क्लासला घालण्याआधी एक कर. मोबाइलमध्ये साठलेले घरातले फोटो निवडून धुऊन आण आणि तिच्या उंचीला लाव. आपल्याकडे फोटो दाराच्या चौकटीच्या वर टांगायची रीत. पोरांना खालून नुसती काच चमकताना दिसते.

निवडताना फक्त बक्षिसाचे आणि नटलेले घेऊ नकोस. रंकाळ्यावर आजीचं बोट धरून चाललेली, ढोपर फुटलं तरी सायकल न सोडणारी, पिठानं माखून भाकरी थापणारी, अशी ती तिला दिसू दे. आत्ते-मामे भावंडांच्या घोळक्यातला फोटो तर हवाच. आपण या माणसांतलेच आहोत, हे रोज दिसलं की मूल चारचौघांत सैल होतं.

पण नुसते टांगून भागणार नाही, बोलावं लागेल. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश यांनी मुलांना कुटुंबाविषयी २० प्रश्न विचारले होते: आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडील कसे भेटले, असे. ज्यांना जास्त ठाऊक होतं, त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त आढळला. पण म्हणून उत्तरं पाठ करून घेऊ नकोस हं. गुण त्या माहितीपेक्षा जेवताना, झोपताना चाललेल्या गप्पांचा आहे, असं मला वाटतं.

त्या गप्पांत पडझडही येऊ दे. २०१९च्या महापुरात शाहूपुरीतल्या तुमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हाचा फोटो तू कपाटात ठेवलायस. तो काढ. भिंतीवरची ओली रेघ तिला दाखव, कुणी आसरा दिला ते सांग, चिखल उपसून घर पुन्हा कसं लावलं ते सांग. अडचणीतून उठलेली माणसं आपल्याच घरात आहेत, हे तिला तुझ्याच तोंडून कळायला हवं.

ती रडतानाचे व्हिडिओ मात्र स्टेटसला ठेवू नकोस. तिचा फोटो कुणाला पाठवण्याआधी तिला विचार; ती नको म्हणाली, तर नको.

येत्या रविवारी तुझ्या आईजवळ बस. लग्नातल्या त्या जुन्या ग्रुप फोटोतली निम्मी माणसं आता फक्त त्यांनाच ओळखू येतात. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं नावं लिहून घे. बॉलपेन नको, दाब पुढे उमटतो. लेकीलाही शेजारी बसव.

तुझे,
सर