नवजात बाळाच्या झटक्यांना अजून जुनं फेनोबार्बिटोनच का देतात?

तुम्ही लिहिलंय की बाळ जन्मल्याबरोबर रडलं नाही, दुसऱ्या दिवशी झटके आले आणि डॉक्टरांनी गार्डिनाल म्हणजे फेनोबार्बिटोन सुरू केलं. ते शंभर वर्षांपूर्वीचं औषध आहे असं वाचून, लेव्हेटिरासिटामसारखं नवं औषध असताना हे कशाला, असं तुम्हाला वाटतंय. मी नवजात शिशू विभागात काम करणारी बालरोगतज्ज्ञ आहे. हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांनी विचारावा असाच आहे.

फेनोबार्बिटोन १९१२ मध्ये बाजारात आलं. लेव्हेटिरासिटामला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली, तीही आधी मोठ्या माणसांसाठी. त्याने गुंगी कमी येते, म्हणून बऱ्याच एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांत, ते नवजात बाळांनाही दिलं जाऊ लागलं. पण मोठ्यांना लागू पडलेलं औषध चार दिवसांच्या बाळाला तसंच लागू पडेल हे गृहीत धरता येत नाही. २०२० मध्ये निओलेव्ह-२ या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात सतत ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद, लावून दोन्ही औषधं समोरासमोर तपासली होती. फेनोबार्बिटोन मिळालेल्या ३० पैकी २४ बाळांचे झटके पुढचे २४ तास पूर्ण थांबले, लेव्हेटिरासिटाम मिळालेल्या ५३ पैकी फक्त १५ बाळांचे. बाळं थोडी आहेत, पण फरक केवढा आहे बघा.

ईईजी का, तर नवजात बाळ झटक्यात हातपाय झाडतंच असं नाही. कधी नुसतं ओठ चुपचुप करतं, पाय सायकल मारल्यासारखे हलवतं, नजर एका बाजूला खिळते. औषधानंतर हालचाल थांबते आणि ईईजीवर झटका चालूच असतो, असंही होतं. नुसतं बघून ‘औषध लागू पडलं’ म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

त्याच चाचणीत फेनोबार्बिटोनचे दुष्परिणाम जास्त दिसले, हेही सांगायला हवं. पहिला डोस सहसा किलोमागे २० मिलिग्रॅम, शिरेतून सावकाश देतात. त्यानंतर बाळ मलूल पडतं, अंग ढिलं सोडतं, छातीशी धरलं तरी ओढत नाही. आया हे बघून फार घाबरतात. श्वास मंदावू शकतो, बीपी उतरू शकतं, म्हणून मॉनिटर लागतो. उंदराच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत या औषधाने मेंदूच्या पेशी मेल्याचं दिसलंय. ही काळजी मलाही आहे, म्हणूनच ते गरजेपुरतंच द्यावं या मताची मी आहे.

इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या अपस्मारावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींतही पहिलं औषध फेनोबार्बिटोनच आहे. अपवाद जनुकीय कारणाच्या काही झटक्यांचा. तिथे फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन ही झटक्यांवरची दुसरी औषधं. फेनोबार्बिटोनने भागलं नाही तर लेव्हेटिरासिटाम हा दुसऱ्या फळीतला एक पर्याय आहे, आणि बाळाला हृदयाचा त्रास असेल तर त्याला झुकतं माप मिळतं.

तेव्हा औषध बदलून मागण्यापेक्षा डॉक्टरांना हे विचारा: साखर आणि कॅल्शियम तपासलं का? ईईजी झाला का? घरी सोडताना हे औषध बंद करणार का? जन्मावेळी गुदमरल्यामुळे आलेले झटके थांबले असतील, तर डिस्चार्जआधी औषध बंद करावं असं त्याच शिफारशी सांगतात. घरी देऊन पाठवलंच, तर किती दिवस ते लिहून घ्या, आणि मनाने एकही डोस बंद करू नका.